शिक्षक दिनाची वर्गणी आणि गुरूचं नाव



ऑगस्ट संपत आला की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "5 सप्टेंबरला सरांना आणि मॅडमना भेट द्यायची आहे, प्रत्येकी शंभर रुपये जमा करा." खाली लगेच अंगठे उमटतात. कुणी साडी सुचवतं, कुणी भिंतीवरचं घड्याळ, कुणी म्हणतं केकही आणू. त्याच ग्रुपवर तीन-चार आया अशा असतात की त्या काहीच लिहीत नाहीत. दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाणाऱ्या बाईला शंभर रुपये म्हणजे काय, हे मुरगूडसारख्या गावात राहणाऱ्या आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. तिचं पोर मग त्या दिवशी शाळेला जायला कां-कूं करतं. शिक्षकांचा मान करायच्या दिवशी एक मूल शाळा टाळतं, याहून उलटी गोष्ट कोणती?

माझं मत मी आधीच सांगून टाकते. शिक्षक दिनाची वर्गणी बंद व्हावी. मुलांनी शिक्षकांचे आभार मानावेत, जरूर मानावेत, पण पैशाशिवाय मानावेत. तसे मार्ग भरपूर आहेत आणि ते वर्गणीपेक्षा कठीण आहेत. कदाचित म्हणूनच आपल्याला शंभराची नोट काढून देणं सोपं वाटतं.

ज्यांच्या नावाने हा दिवस साजरा होतो त्यांचीच गोष्ट बघा. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म 5 सप्टेंबर 1888 चा. ते राष्ट्रपती झाले त्या वर्षापासून, म्हणजे 1962 पासून, आपल्या देशात शिक्षक दिन सुरू झाला. पण त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांचा खरा मान त्याच्या कितीतरी आधी केला होता. 1921 साली ते म्हैसूर सोडून कलकत्त्याला शिकवायला निघाले, तेव्हा मुलांनी फुलांनी सजवलेली घोडागाडी आणली, घोडे सोडले आणि स्वतः गाडी ओढत त्यांना स्टेशनवर पोचवलं. त्यांनी आपल्या सरांना दिला तो घाम. त्यात श्रीमंताच्या आणि गरिबाच्या पोराचा वाटा सारखाच होता. मला त्या गोष्टीत हेच मोठं वाटतं.

आता आपल्या घरातल्या शिकवणीकडे वळू. पाठशाळेत आपण लहानपणी ज्ञानाचाराची आठ अंगं घोकली आहेत. त्यातलं एक आहे अनिह्नव. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव लपवायचं नाही, हा त्याचा साधा अर्थ. तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरण कर्म कशामुळे बांधलं जातं ते सांगताना निह्नवाचा समावेश केला आहे. म्हणजे गुरूचं नाव झाकणारा स्वतःच्याच ज्ञानावर पडदा ओढून घेतो. आपल्या आचार्यांनी ही केवळ रीतभात मानली नाही, तिला थेट कर्मबंधाशी जोडलं.

गौतम गणधरांचं उदाहरण तर आपल्या समोरच आहे. इंद्रभूती गौतम भगवान महावीरांकडे आले तेव्हा ते स्वतः नामांकित पंडित होते, त्यांचे शेकडो शिष्य होते. आषाढी पौर्णिमेला त्यांनी शिष्यत्व पत्करलं, म्हणून ती आपली गुरुपौर्णिमा. पुढे त्यांनी जे सांगितलं ते सगळं भगवंतांचं म्हणून सांगितलं. एवढा विद्वान माणूस, पण "हे माझं" म्हणाला नाही.

आता आपण काय करतो ते पाहू. दहावीचा निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात. त्यावर क्लासचं नाव, मार्कांचा आकडा आणि मुलाचा फोटो. त्या मुलाला पहिलीत हाताला धरून 'अ' गिरवायला लावणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई त्या फ्लेक्सवर कुठेच नसतात. पाढे पाठ करून घेणारे गुरुजी नसतात. घरी पेढे वाटतानाही आपण क्लासचं नाव घेतो. हा निह्नवच नाही का? आपण तो मुद्दाम करत नाही, पण मूल हेच शिकतं की शेवटची पायरी तेवढी मोजायची.

नाव घेणं म्हणजे काय असतं, हे पाहायला फार लांब जायला नको. आपल्या तालुक्याचं गाव कागल. तिथे 1935 साली आनंद यादव जन्मले. त्यांचं 'झोंबी' तुमच्यापैकी अनेकींनी वाचलं असेल. 1987 साली आलेल्या या पुस्तकाला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वडिलांनी शाळा सोडवून शेतात जुंपलेला हा मुलगा. आईने आणि त्याने गावच्या दत्ताजीराव देसाईंकडे जाऊन गाऱ्हाणं घातलं, त्यांनी वडिलांना समज दिली आणि पोर पुन्हा पाचवीच्या वर्गात जाऊन बसलं. सकाळी शेतातलं काम करून शाळा, शाळा सुटली की जनावरांमागे.

त्या शाळेत मराठी शिकवायला सौंदलगेकर मास्तर होते. ते कविता चालीवर म्हणून दाखवायचे, हावभाव करायचे, स्वतःही कविता करायचे. घराच्या दारातल्या मालतीच्या वेलावर त्यांनी केलेली कविता या मुलाने ऐकली. तो वेलही त्याने पाहिलेला होता. कवी म्हणजे आपल्यासारखीच हाडामांसाची माणसं असतात आणि आपल्या आसपासच्या गोष्टींवरही कविता होते, हे त्याला तिथे उमगलं. मग पिकाला पाणी पाजताना, गुरं राखताना तो कविता म्हणू लागला, करू लागला. जवळ कागद नसला तर म्हशीच्या पाठीवर काटकीने ओळी लिहायच्या, पाठ झाल्या की पुसायच्या. रविवारी कविता झाली की सोमवारी मास्तरांना दाखवायची. कधी तर तेवढाही धीर निघायचा नाही आणि रात्रीच मास्तरांचं घर गाठायचं.

या मुलाने मास्तरांना काय भेट दिली? त्याच्याजवळ द्यायला काहीच नव्हतं. त्याने मास्तरांची कविता पाठ केली. ती गळ्यावर घोळवली. एका कवितेला तर मास्तरांच्या चालीहून वेगळी चाल लावली आणि मास्तरांनी कौतुकाने त्याला वर्गापुढे म्हणायला उभं केलं. पुढे मोठा झाल्यावर त्याने मास्तरांचं नाव पुस्तकात लिहिलं. त्या पुस्तकातला हाच भाग हिंदीत होऊन बारावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात 'जूझ' नावाने गेला. कागलच्या एका मराठीच्या मास्तरांबद्दल उत्तरेतली पोरं आज परीक्षेत उत्तरं लिहितात. कुठली शाल आणि कुठलं घड्याळ एवढं टिकलं असतं, सांगा बरं?

प्रत्येक मूल लेखक होणार नाही, हे मलाही कळतं. पण या गोष्टीतले धागे प्रत्येकाला उचलता येतात. आपल्या शास्त्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणं, विचारणं, मनात घोळवणं, पुन्हा पुन्हा म्हणणं आणि दुसऱ्याला सांगणं. मला वाटतं, विद्यार्थ्याने शिक्षकाचे आभार कसे मानावेत याची यादी इथेच तयार आहे.

वाचना घ्या. सरांनी सांगितलेलं पान वर्गात येण्याआधी एकदा वाचून जाणं. दुसऱ्या दिवशी सर शिकवायला लागले की वाचून आलेलं पोर डोळ्यांवरून ओळखू येतं. शिकवणाऱ्याला तेवढं पुरतं.

पृच्छना म्हणजे प्रश्न. पुष्कळ आयांना वाटतं, गप्प बसणारं मूल म्हणजे गुणी मूल. आपली पुराणं उघडून बघा. श्रेणिक राजा विचारतो आणि गौतम गणधर सांगतात. राजाने विचारलंच नसतं तर पुराण पुढे कसं सरकलं असतं? समजलं नाही तर हात वर करून नम्रपणे विचारणं हाही शिक्षकाचा मान आहे. तुमचं बोलणं मी मनापासून ऐकतो आहे, असंच ते मूल सांगत असतं.

अनुप्रेक्षा म्हणजे घरी आल्यावर विचार करणं. जेवताना "आज डब्यात काय उरलं" याच्या जोडीला "आज कुठली नवी गोष्ट कळली आणि ती कुणी सांगितली" हेही विचारावं. 'कुणी सांगितली' हे शब्द गाळू नका. मुलाच्या तोंडून बाईंचं नाव यायला हवं.

आम्नाय म्हणजे उजळणी. शिकवलेलं विसरू न देणं. आणि पाचवं, दुसऱ्याला सांगणं. सातवीतल्या मुलीने शेजारच्या तिसरीतल्या पोराला वजाबाकी शिकवली, तर तिच्या बाईंचं शिकवणं एक घर पुढे गेलं. शिक्षक दिनाला मोठ्या वर्गातली मुलं साडी नेसून, कोट घालून एक दिवस शिकवतात, फोटो निघतात. ते गोडच असतं. पण तोच उपक्रम वर्षभर, आठवड्यातून अर्धा तास, लहान वर्गातल्या मागे पडलेल्या मुलांसाठी झाला तर त्या शाळेतल्या शिक्षकांना किती बळ मिळेल!

यात श्रमही आले. या बाबतीत आपल्या भागाला आणि आपल्या समाजाला कर्मवीर भाऊराव पाटलांसारखा आदर्श आहे. 1887 साली कुंभोजला जन्मलेल्या भाऊरावांनी 1919 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, जेवली आणि स्वतःच्या हातांनी राबली. कमवा आणि शिका. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. लक्ष्मीबाई वर्गात उभ्या राहून शिकवत नव्हत्या. पण त्यांनी चूल पेटती ठेवली म्हणून ती मुलं शिकली. म्हणून मला वाटतं, आभार मानताना मुलांनी शाळेतल्या पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना, वर्ग झाडणाऱ्या शिपाईमामांना, बालवाडीच्या ताईंनाही विसरू नये. त्यांचं नाव तर कुठल्याच यादीत नसतं.

श्रमाची भेट म्हणजे काय, तर शाळेच्या ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांना खळ लावून कव्हर घालणं, पावसाळ्यात लावलेल्या रोपांना मे महिन्यातही पाणी घालायची जबाबदारी घेणं, तास संपल्यावर न सांगता फळा पुसणं. यासाठी कुणाच्या आईला पदराची गाठ सोडावी लागत नाही.

आणि एक भेट माझ्या मते सगळ्यांत मोठी आहे. पत्र. बाजारातलं चकचकीत कार्ड नको, त्यात छापलेलं इंग्रजी वाक्य तर नकोच. वहीच्या पानावर, मुलाच्या स्वतःच्या अक्षरात चार ओळी. आपण आयांनी त्यात हात घालायचा नाही, शुद्धलेखनही सुधारायचं नाही. फक्त मुलाला चार गोष्टी विचारायच्या. मला काय येत नव्हतं? तुम्ही काय केलंत? आता मला काय येतं? आणि मी ते कुठे वापरलं? "बाई, मला भागाकार येत नव्हता. तुम्ही मधल्या सुट्टीत चिंचोके घेऊन शिकवलंत. आता येतो. परवा मी दुकानात आईला हिशोब सांगितला." एवढं पुरे. "तुम्ही माझ्या आयुष्याचे दीपस्तंभ आहात" यापेक्षा हे चिंचोके कितीतरी खरे आहेत. शिक्षकाला आपलं नेमकं कुठलं काम फळाला आलं ते त्यातून कळतं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलासाठी ते चिंचोके पुन्हा बाहेर निघतात.

पत्र वर्तमानातल्या शिक्षकांना, पण भेट मात्र जुन्या शिक्षकांची घ्यावी. निकालाच्या दिवशी क्लासला पेढे द्यायच्या आधी मुलाला घेऊन पहिलीच्या बाईंकडे जा. निवृत्त होऊन घरी बसलेल्या गुरुजींकडे जा. त्यांना आपला चेहरा आठवेल न आठवेल, आपण आपलं नाव सांगायचं, साल सांगायचं, पाया पडायचं.

मला ठाऊक आहे, काही जणी म्हणतील, "अहो, भेट दिली तर बिघडलं कुठे? प्रेमानेच देतो." प्रेमाबद्दल शंका नाही. पण शंभर जणांचं प्रेम मोजून सारखं करायला गेलं की त्याची वर्गणी होते. आणि शिक्षकांच्या बाजूनेही जरा बघा. महागडी वस्तू हातात आली की तिच्यामागे कुणाचं पोर आहे हे त्यांना ठाऊक असतं. उद्या त्याच मुलाला रागवायची वेळ आली तर त्यांची जीभ अडखळायला नको. आपण आपल्याच मुलाचं नुकसान करून घेतो. त्यातून आपल्याला आणखी एक पथ्य. रेशमी साडी, चामड्याची पर्स, अंड्याचा केक हे आपल्या घरात येत नाही, मग गुरूच्या हातात आपल्या पैशाने का द्यावं? शिवाय हा दिवस बहुतेक वर्षी दशलक्षण पर्वाच्या मागेपुढेच येतो. उत्तम मार्दव आणि उत्तम त्याग म्हणजे काय, हे मुलांना सांगायला याहून चांगली वेळ कुठली?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. "सगळेच शिक्षक काही मानाच्या लायकीचे नसतात. कुणी मारतात, कुणी जातीवरून, गरिबीवरून टोचून बोलतात. त्यांचेही आभार मानायचे?" नाही. मुळीच नाही. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी घातली आहे. अशा वेळी मुलाच्या बाजूने उभं राहणं हे आईबापाचं काम. विनय आपल्याकडे तपात मोजला जातो, आभ्यंतर तपात, पण विनय म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. आणि म्हणूनच आभार सक्तीचे नसावेत. वर्गणीमध्ये मात्र चांगल्या-वाईट सगळ्यांना सारखंच घड्याळ जातं. मुलाने मनापासून लिहिलेलं पत्र ज्याला जायचं त्यालाच जातं. यातूनही शिक्षकांना काही कळतं.

आता आपल्याबद्दल, म्हणजे पालकांबद्दल. मुलं आभार मानायला आपल्याकडे बघून शिकतात. ताटावर बसून "तुमच्या सरांना काय येतंय" म्हणायचं आणि 5 सप्टेंबरला फुलं पाठवायची, हे पोराला लगेच कळतं. तक्रार असेल तर शाळेत जाऊन, वेळ घेऊन, त्यांच्याशी समोरासमोर बोलावं. रात्री दहाला मॅडमना फोन करून गृहपाठ विचारू नये, त्यांनाही घर आहे, चूल आहे. आणि नव्या तरुण शिक्षकांची परिस्थिती जाणून घ्यावी. शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर काढावी लागतात. ते आधी महिना सहा हजार होतं, 2023 पासून सोळा हजार झालं. त्यात घरभाडं, येणंजाणं, गावाकडे आईवडील. जनगणना आणि निवडणुकीचं काम तर कायद्यानेच त्यांच्या वाट्याला आहे. अशा माणसाला "तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या" म्हणताना आपण थोडं थांबावं. पालकसभेला वेळेवर जाणं, मुलाला रोज वेळेवर आणि भरल्या पोटी पाठवणं, लग्नसराईत आठ-आठ दिवस शाळा न बुडवणं, हे आईबापांनी मानलेले आभार आहेत.

क्षमावणीचा दिवस आला की आपण घरोघरी हात जोडून उत्तम क्षमा म्हणतो. सासू-सून, जावा-जावा, शेजारीपाजारी, सगळ्यांना. त्या दिवशी मुलाला शाळेतही म्हणायला लावा. "सर, वर्षभरात तुमच्या तासाला बोललो, तुम्हाला त्रास दिला, उत्तम क्षमा." जैन नसलेल्या सरांना आधी नवल वाटेल, पण तेही हात जोडतील. एखादे सर म्हणतीलही, "बाळा, मीही तुला त्या दिवशी उगाच रागावलो." शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एवढा मोकळेपणा आला तर आणखी काय हवं?

या वर्षी ग्रुपवर वर्गणीचा मेसेज आला तर निदान एकीने तरी लिहावं, "आपण पैसे नको, पत्रं देऊया का?" भांडून नाही, गोडीने लिहावं. गप्प राहणाऱ्या आया त्या दिवशी पहिल्यांदा अंगठा उमटवतील, याची मला खात्री आहे. आणि मैत्रिणींनो, तुम्हीही एक करा. तुम्हाला पहिलीत कुणी शिकवलं, त्यांचं नाव आज रात्री मुलांना सांगा. नाव, गाव आणि त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट. मुलं विचारतील, "आई, तुला अजून आठवतं?" तेव्हा हो म्हणा, आणि त्यांचंही विचारा.

जय जिनेंद्र.